मैदानावरच्या उपासनेत चौघांचे आवाज जुळले ते असे

नाशिकच्या मोकळ्या मैदानावर मोठी संगीत उपासना होती. आमचा गट सोप्रानो, आल्टो, टेनर, बास अशा वरच्या पट्टीपासून खालच्या पट्टीपर्यंतच्या चार आवाजांचा. शरणपूर रोडला सरावात पक्कं बसलेलं भक्तिगीत साउंड चेकला विस्कटलं. लय सारखी मागे पडायची.

कारण समोरच्या इमारतीची भिंत. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. भिंत ५० मीटरवर असेल, तर आपलाच सूर जवळपास ०.३ सेकंद उशिरा परत येतो आणि कान नकळत त्याच्यामागे जातो.

सरळ रांग मोडून आम्ही अर्धवर्तुळात, एकमेकांचे ओठ दिसतील असे उभे राहिलो. साउंडवाल्या दादांना विनंती केली, ‘मॉनिटरमधला (आमच्याकडे वळवलेल्या स्पीकरमधला) रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, काढा, कीबोर्ड वाढवा.’ मॉनिटर माइकच्या बरोबर पाठीमागे ठेवला. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज पकडणारा माइक त्या बाजूने कमीत कमी ऐकतो, त्यामुळे स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरून होणारी शिट्टी थांबली. लय फक्त समोर हाताने ताल दाखवणाऱ्या ताईंच्या हातावरून घ्यायची, हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. ‘येशू’मधला ‘शू’ चौघांचा एकदम सुटला तेव्हा अंगावर काटा आला. देवाची स्तुती लोकांपर्यंत स्पष्ट पोचायलाच हवी ना!

संध्याकाळी दुसऱ्या कडव्यापासून मैदानही आमच्यासोबत गाऊ लागलं.