गिटारला कोटेड (वर प्लॅस्टिकसारखा पातळ थर असलेल्या) तारा की साध्या?
आधी स्वतःचा हात बघा. वाजवून झाल्यावर तारेच्या खालून बोट फिरवलं आणि काळा डाग आला, तर घाम तार खातोय. त्यात मुंबई-कोकणातला पावसाळा असेल तर ८० टक्के तांबं नि २० टक्के जस्ताची ब्राँझ तारेचा आवाज बघता बघता मंदावतो; फॉस्फर ब्राँझ (तांबं, कथील नि किंचित फॉस्फरस) जरा जास्त तग धरते. अशांनी सरळ कोटेड घ्याव्यात. त्यांच्या जाड तारांच्या वेढ्यांत मळ शिरत नाही, त्यामुळे त्या जास्त टिकतात नि महाग असूनही परवडतात. पिक (तार छेडायची छोटी पट्टी) लागतो तिथं कोटिंगचे केसाळ तंतू निघाले तरी घाबरू नका.

मला मात्र नव्या साध्या तारेची खणखण हवी असते. म्हणून मी साध्याच लावतो आणि वाजवून झालं की सुती फडक्यानं एकेक तार खालून-वरून पुसतो.