वीतभर शकुंतला: वाफेच्या इंजिनाचं छोटं मॉडेल किटमधून कसं करावं

मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला आणि दुसरा अचलपूरला नेणारी जुनी नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची गाडी शकुंतला वऱ्हाडात कोणाला सांगावी लागत नाही. तिचं झेडडी वर्गाचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला तयार झालं, १९२३ पासून या रुळांवर धावलं आणि १९९४ साली डिझेल इंजिन आल्यावर निवृत्त झालं. त्या धाटणीचं, विजेवर चालणारं छोटं मॉडेल घरी कसं करायचं ते इथे सांगतो. खरी वाफ भरायची हौस असेल तर तो बॉयलर, दाब आणि सेफ्टी व्हॉल्व्हचा वेगळा कारभार आहे. त्यात इथे शिरत नाही.

हुबेहूब शकुंतलेचं किट शोधण्यात वर्ष घालवू नका. नॅरोगेज इंजिनाचं साधारण तशाच ठेवणीचं किट घ्या आणि चिमणी, घुमट, केबिन, टेंडर (मागचा कोळसा-पाण्याचा डबा) आपल्या हिशोबाने बदला.

आधी गेजचा हिशोब

शकुंतलेचा रूळ अडीच फुटी, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. मॉडेलच्या दुनियेत एचओ प्रमाण १:८७ आहे, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं. ७६२ ला ८७ ने भागलं की पावणेनऊच्या आसपास आकडा येतो, आणि बाजारात ९ मिलिमीटरचा एन गेजचा रूळ तयार मिळतो. फरक पाव मिलिमीटरचा, डोळ्याला दिसतच नाही. या जोडीला एचओई म्हणतात. ब्रिटिश ओओ प्रमाणात, १:७६ ला, हाच रूळ १० मिलिमीटरचा हवा. ९ वर चालवला तर इंजिन रुळाच्या मानाने ढेरपोटं दिसतं. अडीच फुटीसाठी १:८७ च धरा. एवढं ठरलं की खऱ्या इंजिनाचा एक मीटर म्हणजे मॉडेलवर साडेअकरा मिलिमीटर.

चासी पहिली, बॉडी नंतर

बहुतेक जण आधी सुंदर बॉडीचं किट घेतात आणि मग तिच्याखाली बसणारी चासी, म्हणजे मोटर, गिअर आणि चाकांचा सांगाडा, शोधत हिंडतात. हा उलटा धंदा आहे. मोटर, गिअर आणि चाकं जुळवणं हे सगळ्यात अवघड काम. ते तयार विकत घ्यावं. एन गेजच्या एखाद्या छोट्या वाफेच्या इंजिनाची चासी घ्या. जपानी कातो कंपनीची छोटी चासी यासाठी बरेच हौशी लोक वापरतात. जुनं, बॉडी फुटलेलं पण चालणारं इंजिन मिळालं तर सोन्याहून पिवळं.

आल्या आल्या ती बॉडीशिवाय रुळावर ठेवून बघा. १२ व्होल्ट डीसीचा अडॅप्टर, मोटरचा वेग कमी-जास्त करणारं छोटं सर्किट आणि दिशा बदलायला सहा पायांचा स्विच एवढ्यावर काम भागतं. दोन्ही दिशांना अर्धा-अर्धा तास अगदी हळू चालवा. अडखळत असेल तर आत्ताच दुरुस्त करा. बॉडी चिकटवल्यावर तेच काम दहापट त्रासाचं होतं.

आता मल्टीमीटर काढा. एन गेजच्या बऱ्याच चासींमध्ये धातूची फ्रेम मधोमध दोन भागांत असते आणि प्रत्येक भाग एकेका रुळाशी जोडलेला असतो. अशा चासीवर पितळेची किंवा व्हाइट मेटलची (मऊ ओतीव मिश्रधातूची) बॉडी थेट बसवली की दोन्ही रूळ एकमेकांना भिडलेच समजा, शॉर्ट. मल्टीमीटर बीपवर ठेवून फ्रेमची डावी बाजू कोणत्या चाकांशी बोलते ते टिपून ठेवा. तशी चासी असेल तर बॉडी प्लास्टिकची किंवा रेझिनची निवडा, नाहीतर धातूच्या बॉडीला आतून इन्सुलेशन टेपचा किंवा जाड कागदाचा थर द्या.

मापं कुठून आणायची

नागपूरला मोतीबागेत नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. ते २००२ साली सुरू झालं. एक दिवस काढून तिथे जा. तिथलं इंजिन शकुंतलेचं नसेना का, नॅरोगेज इंजिनाची ठेवण, रिव्हेटांच्या ओळी, नळ्या कुठून कुठे जातात हे सगळं उभं राहून बघता येतं. बरोबर सहा इंची पट्टी न्या आणि फोटो काढताना ती चौकटीत धरा.

जुना फोटो हाती लागला तर त्यातूनही माप निघतं. समोरून सरळ काढलेल्या फोटोत रुळांमधलं अंतर पट्टीने मोजा. समजा ते ४० मिलिमीटर भरलं, आणि त्याच ठिकाणी, रुळाच्या बरोबर वर असलेल्या, इंजिनाच्या पुढच्या आडव्या पट्टीची रुंदी ११० भरली. ११० ला ४० ने भागलं की पावणेतीन. मॉडेलवर रुळांमधलं अंतर ८.७६, म्हणून इंजिनाची ती आडवी पट्टी २४ मिलिमीटर. ही युक्ती त्या एका आडव्या रेषेपुरतीच खरी. मागची केबिन कॅमेऱ्यापासून लांब असते, त्यामुळे ती फोटोत लहान येते. तिच्यासाठी बाजूने काढलेला फोटो घ्या.

मापं मिळाली की लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची बॉडी कापून, घडी घालून चासीवर ठेवा. मोटर केबिनमधून डोकावते का, चाकं फूटप्लेटच्या, म्हणजे बॉयलरच्या बाजूच्या आडव्या पत्र्याच्या, खाली नीट बसतात का, हे इथेच कळतं. चासी दोन-तीन मिलिमीटर लांब निघाली तर फूटप्लेट तेवढी वाढवा. कोणी मोजायला येत नाही.

बॉडी जोडणं

किट व्हाइट मेटलचं असेल तर साध्या इस्त्रीने, म्हणजे सोल्डरिंग आयर्नने, त्याला हात लावू नका. हा धातू कमी तापमानाला वितळतो आणि डोळ्यांदेखत चिमणीचा गोळा होतो. त्याच्यासाठी कमी तापमानाचं खास सोल्डर मिळतं, पण पहिल्या किटला दोन ट्यूबचं एपॉक्सी पुष्कळ झालं. आधी सांध्यावरची धातूची जादा आलेली कड कानशीने साफ करा, भाग कोरडेच एकमेकांवर ठेवून बघा, मग चिकटवा. विदर्भात मे महिन्यात हे काम पहाटे करा. उष्णतेत एपॉक्सी फार लवकर आवळतं. पाच मिनिटांचं म्हणून घेतलेलं कालवेपर्यंत घट्ट होतं. एका वेळी वाटाण्याएवढंच कालवा.

पितळी पत्र्याचं किट असेल तर घडीच्या जागी अर्धवट कोरलेली रेघ असते. घडी घातल्यावर ती रेघ आतल्या बाजूला आली पाहिजे. पत्र्याला साधं ६०-४० सोल्डर चालतं, फक्त पत्रा आधी पॉलिश पेपरने चकचकीत घासा. विजेच्या तारांना राळ बरी. पितळेला आम्लाचा फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचं रसायन, लागतो. तो वापरला की भाग गरम पाण्यात, जुन्या टूथब्रशने धुवा, आणि मोटर तेव्हा खोलीतही नको. सवय नसेल तर तालुक्याच्या गावी सोनाराच्या दुकानात तासभर बसा. बारीक डाग कसा द्यायचा हे त्यांच्याइतकं कोणाला येत नाही.

थ्रीडी प्रिंटची बॉडी घेत असाल तर एक धोका लक्षात ठेवा. पीएलए नावाचं स्वस्त प्लास्टिक ५५-६० अंशांना मऊ पडतं. उन्हाळ्यात बंद कारमध्ये ठेवलं तर केबिन नमस्कार करायला लागते. बारीक कामाला रेझिनचा प्रिंट घ्या.

बाजारातल्या वस्तूंतून सुटे भाग

मला यातलं सगळ्यात आवडतं काम हेच, आणि याला परदेशी पार्सलची वाट बघावी लागत नाही.

हातदांड्यांना ०.४ मिलिमीटर तार लागते. खऱ्या इंजिनाचा दांडा साधारण पस्तीस मिलिमीटर जाड, म्हणून १:८७ ला एवढीच. मोटर वाइंडिंगच्या दुकानात ती वजनावर मिळते, बऱ्याचदा भंगार म्हणून फुकटही. तारेवर लाखेसारखा थर असतो. सोल्डर करायच्या टोकाला तो ब्लेडने खरवडा. तार सरळ करायला एक टोक वाइसमध्ये घट्ट पकडा, दुसरं पक्कडने धरून एकसारखं ताणा. एका क्षणी तार किंचित लांबल्यासारखी हाताला जाणवते, तिथेच थांबा. ती सुतासारखी सरळ होते. हातदांड्याच्या खुंट्यांना शिवणकामाच्या टाचण्या चालतात.

वाफेच्या आणि पाण्याच्या नळ्यांना इंजेक्शनच्या सुया घ्या, मात्र मेडिकलमधून नव्या. अठरा नंबरची सुई बाहेरून सव्वा मिलिमीटरची, बावीस नंबरची ०.७ मिलिमीटरची. सुईचं टोक आधी कानशीने बोथट करा. चिमणीला रिफिलची पितळी नळी, हेडलाइटला काचेचा मणी आणि त्याच्या काचेच्या जागी चमकीची टिकली. टिकलीचं वेड घरातल्यांना आवडेल असं नाही. बॉयलरला नळी शोधताना व्हर्निअर खिशात ठेवून हार्डवेअरच्या दुकानात जा आणि फोटोवरून काढलेल्या व्यासाशी जुळवा.

इंजिन हलकं असेल तर चढावर चाकं जागच्या जागी फिरतात. टायर बॅलन्सिंगचे शिशाचे तुकडे बॉयलरमध्ये भरा, पण असे की वजन ओढणाऱ्या चाकांच्या मध्यावर येईल. शिसं हाताळलं की हात साबणाने धुवा, आणि हे काम जेवणाच्या ताटाजवळ नको.

रंग आणि माती

नुसता काळा रंग छोट्या मॉडेलवर खेळण्यासारखा दिसतो. काळ्यात थोडा करडा आणि चिमूटभर तपकिरी मिसळा. आधी प्रायमर. पावसाळ्यात स्प्रे मारू नका. दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते.

रंग वाळला की धूळ चढवायची इच्छा होते आणि दारातली काळी माती डोळ्यासमोर असते. इथे सावध राहा. आपली काळी माती बेसाल्ट खडकाच्या झिजेतून झाली आहे आणि तिच्यात मॅग्नेटाइटचे चुंबकाला चिकटणारे कण असतात. ते मोटरच्या चुंबकापर्यंत गेले की मोटर कुरकुरायला लागते. माती वस्त्रगाळ करा, कागदावर पसरा आणि खालून नव्हे, वरून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं चुंबक फिरवा. पिशवीला काळी मिशी फुटते. मिशी येईनाशी होईपर्यंत पिशवी झटकत फिरवत राहा. रुळाखाली पसरायला क्रशरची काळी बारीक गिट्टी आणाल तर तिलाही हेच करा. एवढा खटाटोप नको असेल तर लाकडी कोळशाची पूड आणि फळ्याचा खडू घ्या, काम तेवढंच छान होतं.

चालवताना

कापसाच्या हंगामात जिनिंगजवळच्या गावांत रुईचे तंतू हवेत तरंगत असतात आणि ते रुळावर बसतात. इंजिन फिरलं की तंतू आसाला गुंडाळला जातो, दुसरा त्याच्यावर, आणि पंधरवड्यात चाक जड होतं. इंजिन उलटं करून भिंगाखाली बघा. आसावर करड्या रंगाचा दोरा दिसेल. ब्लेडच्या टोकाने तो आडवा कापा आणि चिमट्याने ओढून काढा. रूळ आणि चाकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पण कापसाच्या बोळ्याने नव्हे. जुन्या सुती धोतराचा धुतलेला तुकडाही तंतू सोडतो. गुळगुळीत सिंथेटिक कापड बरं. तेल टाचणीच्या टोकावर जेवढं राहील तेवढंच, आणि प्लास्टिकला न खाणारं. जास्त तेल म्हणजे रुईला आमंत्रण.

पहिल्यांदा डबे जोडण्याआधी रिकामं इंजिन सगळ्या वळणांवर हळू फिरवा. वळणावर पुढचा भाग बाहेर झुकून सिलिंडर चाकांना घासत असेल तर सिलिंडर आतून कानशीने अर्धा मिलिमीटर कमी करा. मग एक डबा जोडा, मग दुसरा. पावसाळ्यात इंजिन झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा आणि महिन्यातून एकदा पाच मिनिटं फिरवा.