मुंबई–लंडन: तिकिटावरच्या वेळेवरून खरे तास कसे काढायचे

मुंबई ते हीथ्रो हे हवाई अंतर सरळ मोजलं तर साधारण ७,२०० किलोमीटर. ताशी ९०० चा वेग धरून आठ तास येतात, पण तेवढ्यावर विसंबू नका. धावपट्टीपर्यंतची रांग, चढ-उतार, वळसे आणि जाताना समोरून येणारा पश्चिमी वारा यांत दीड-दोन तास सहज वाढतात. येताना तोच वारा पाठीशी असतो.

तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक असतात. उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. समजा, जुलैत मुंबईहून दुपारी १ ला सुटून तिथे संध्याकाळी ६ ला पोहोचायचं आहे. दिसतात पाच तास. त्यात साडेचार मिळवा, साडेनऊ झाले. परतताना हाच फरक वजा करायचा: रात्री ९ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहा म्हणजे साडेतेरा, वजा साडेचार, नऊ तास.

चूक हमखास होते ती मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. तिथली घड्याळं तेव्हा बदलतात, आपली नाही. घ्यायला येणाऱ्याला लंडनची वेळच कळवा.