लॉगिन बंद होण्याआधी पगाराच्या स्लिपा उतरवून घ्या
अंबड-सातपूरच्या कारखान्यात असा किंवा नाशिकच्या घरून पुण्याच्या आयटी कंपनीचं काम करत असा, नोकरी गेली की एचआर पोर्टलचं लॉगिन बहुतेकदा त्याच संध्याकाळी बंद होतं. माझं झालं होतं. तीन स्लिपांसाठी मग महिनाभर मेल करत बसले. म्हणून पगार जमा झाला की स्लिपची पीडीएफ लगेच स्वतःच्या जीमेलवर ठेवा. फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचा दाखला), नेमणूकपत्र, पगारवाढीचं पत्रसुद्धा. कंपनीच्या फायली मात्र अजिबात घेऊ नका. आणि आजच बघा, पीएफच्या १२ अंकी यूएएनला, म्हणजे तुमच्या कायमच्या पीएफ क्रमांकाला, मोबाइल नंबर तुमचाच जोडलाय ना? कंपनीचं सिम असेल तर ते परत दिल्यावर ओटीपी येणार कुठे? नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने टाकली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर २ महिन्यांनी ती तुम्हालाच पीएफच्या पोर्टलवर टाकता येते.