अपूर्ण गरजेचा आकडा: काढायचा कसा, देशादेशांत ताडायचा कसा

‘कुटुंब नियोजनाची अपूर्ण गरज’ म्हणजे मूल इतक्यात किंवा मुळीच नको, तरी साधन वापरत नाहीत अशा स्त्रियांचं प्रमाण. हा आकडा एका प्रश्नाचं उत्तर नसतो. ‘तुम्हाला साधन हवंय का?’ असं बाईला कुणी थेट विचारत नाही. पंधराहून अधिक प्रश्नांची उत्तरं जुळवून तो निघतो, म्हणून आधी ती जुळणी समजून घ्या.

15 ते 49 वयाच्या सगळ्या विवाहित स्त्रिया हा छेद. साधन वापरणाऱ्या आधी बाजूला काढा. नसबंदी, तांबी, गोळ्या, निरोध यांच्याबरोबर दिवस मोजणाऱ्याही इथे ‘वापरणाऱ्या’च धरतात. उरलेल्यांतून सध्या गरोदर असलेल्या, आणि बाळंतपणाला दोन वर्षं झालेली नसून पाळीही परत न आलेल्या अशा वेगळ्या करा. त्यांना मागचं विचारायचं: हे मूल तेव्हा हवं होतं का? ‘नंतर हवं होतं’ म्हटलं तर पाळणा लांबवण्याची गरज, ‘नकोच होतं’ म्हटलं तर थांबवण्याची.

बाकीच्यांतून मूल होण्याची शक्यता नसलेल्या वगळा: पाळी कायमची गेलेल्या, गर्भाशय काढलेल्या, तसंच लग्नाला पाच वर्षं उलटली, साधन कधीच वापरलं नाही, तरी गेल्या पाच वर्षांत मूल झालं नाही आणि आत्ता दिवसही गेलेले नाहीत अशा. मग पुढचं विचारा. मूल दोन वर्षांनी किंवा त्याहून उशिरा हवं असेल, किंवा काहीच ठरलं नसेल, तर लांबवणं. आणखी मूल नकोच असेल तर थांबवणं.

फसगत तान्ह्या बाळांच्या आयांपाशी होते. समजा, कडेवर आठ महिन्यांचं बाळ आहे, पाळी आलेली नाही, साधन नाही, दुसरं मूल इतक्यात नकोय. पण हे बाळ हवं तेव्हाच झालं होतं. व्याख्येप्रमाणे तिची गरज ‘अपूर्ण’ ठरत नाही. पाळी येण्याआधीही दिवस जाऊ शकतात, म्हणून गावपातळीवर काम करताना अशा बायकांची यादी वेगळी ठेवाच.

आता तुलना. नुसती टक्केवारी शेजारी ठेवू नका. नायजरमध्ये 2012 च्या सर्वेक्षणात अपूर्ण गरज 16 टक्के होती, पाकिस्तानात 2017-18 मध्ये 17. जवळजवळ सारखीच दिसते. पण वापर नायजरमध्ये 14 टक्के, पाकिस्तानात 34. नायजरच्या स्त्रियांना सरासरी नऊ मुलं हवी होती. इच्छाच मोठी असली की गरज कमी दिसते.

म्हणून दुसरा आकडा काढा: मागणीपैकी किती आधुनिक साधनांनी, म्हणजे दिवस मोजण्यासारखे पारंपरिक उपाय सोडून, भागते. वापर अधिक अपूर्ण गरज म्हणजे एकूण मागणी. आधुनिक साधनांच्या वापराला तिने भागून 100 ने गुणा. नायजर: 12 भागिले 30, म्हणजे 40 टक्के. पाकिस्तान: 25 भागिले 51, म्हणजे 49. भारत, 2019-21: वापर 66.7, त्यात आधुनिक 56.5, अपूर्ण गरज 9.4, उत्तर 74. भारताचा हा आकडा चांगला दिसतो खरा, पण आधुनिक वापराच्या 56.5 पैकी 37.9 एकट्या स्त्री नसबंदीचे आहेत आणि पुरुष नसबंदी 0.3. पाळणा लांबवू पाहणाऱ्या तरुण मुलीच्या हाती काय आहे, हे 74 मध्ये दिसत नाही. त्यासाठी साधनवार तक्ता उघडावाच लागतो.

गरज अपूर्ण म्हणजे साधन मिळत नाही, असंही लगेच लिहू नका. न वापरण्याची कारणं विचारली की दुष्परिणामांची भीती आणि संबंध क्वचितच येणं ही उत्तरं वारंवार येतात. नेपाळात 2022 मध्ये अपूर्ण गरज 21 टक्के होती आणि तिथे असंख्य नवरे आखातात किंवा मलेशियात कामाला असतात. व्याख्या नवरा घरी आहे की नाही हे पाहत नाही. कोकणात किंवा मराठवाड्यात कामासाठी बाहेर गेलेल्यांच्या गावांत मोजणी करणार असाल, तर ‘नवरा शेवटचा घरी कधी आला, पुढे कधी येणार’ हे दोन प्रश्न अर्जात वाढवा.