घर घेताय? आधी पाणी कुठे मुरतंय ते बघा

आम्ही घर घेतलं तेव्हा बेडरूमची एकच भिंत नवीकोरी रंगवलेली होती, बाकीच्या तीन जुन्याच, आणि मला काय वाटलं तर मालक किती चांगला माणूस आहे, जाता जाता रंग पण मारून दिला. पहिला मोठा पाऊस झाला आणि चार दिवसांत त्याच भिंतीवर नकाशासारखा डाग उठला. बाहेरून खिडकीच्या वरचा सांधा फुटलेला होता, मालकाला पक्कं माहीत होतं, रंग त्यासाठीच होता. तेव्हापासून कोणी घर बघायला सोबत नेलं की मी हॉल केवढा, व्ह्यू कसा वगैरे काही बघत नाही, मी ओल शोधत फिरते, लोक हसतात, हसू दे.

कारण घरातल्या महागड्या दुखण्यांमध्ये बहुतेक वेळा कुठेतरी पाणी असतंच. लाकूड कुजणं, वाळवी, बुरशी, गिलाव्याचे पोपडे, स्लॅबमधलं लोखंड गंजणं, सगळ्याचं मूळ तेच.

जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. टॉर्च, मोजायचा टेप, एक नाणं, एक गोटी आणि फोनचा चार्जर, बास. टॉर्च भिंतीवर समोरून मारला तर काहीच दिसत नाही, तो भिंतीला जवळजवळ टेकवून तिरका धरायचा, मग पुट्टी भरलेली जागा, फुगवटा, झाकलेली भेग सगळं सावलीत उठून दिसतं. नाण्याने टाइल्स वाजवत जा, जिथे पोकळ आवाज येतो तिथे खालचा माल सुटलाय. एखादी टाइल तशी निघाली तर सोडून द्या पण बाथरूममध्ये अख्खी रांग पोकळ वाजली तर तो खर्च तुमच्या डोक्यावर येणार हे धरून चाला. गोटी जमिनीवर ठेवायची, बाथरूममध्ये ती जाळीकडे गेली पाहिजे आणि खोलीत शक्यतो कुठेच जायला नको.

ओल शोधायची तर आधी नाक वापरा. दार उघडल्या उघडल्या रूम फ्रेशनरचा भपकारा आला की मला उलट जास्त संशय येतो. मग बाथरूमच्या मागची भिंत, बाथरूमच्या खालचं छत, सिंकखालचं कपाट (आत हात घालून तळ चाचपा, फुगलेलं प्लायवूड लगेच कळतं), खिडक्यांचे खालचे कोपरे. भिंतीवर पांढरी पावडर सुटलेली दिसली तर तो लोणा, म्हणजे पाणी भिंतीतून येऊन वाळताना क्षार मागे ठेवून गेलंय, डाग पुसला तरी पाणी येतच राहणार. एखादं जड कपाट विचित्र जागी ठेवलेलं असेल तर बिनधास्त सांगा की जरा सरकवा, आम्हाला मागचं बघायचंय. लाज वाटते मान्य आहे, पण तेवढ्या लाजेपायी मी अख्खी भिंत फोडून घेतलीय.

शंका असेल आणि मालक तयार असेल तर एक सोपी टेस्ट आहे. प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने भिंतीला घट्ट चिकटवायचा आणि 24 तासांनी काढायचा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले असतील तर ओल भिंतीतूनच येतेय, खोलीकडच्या बाजूला असतील तर हवा दमट आहे, म्हणजे हवा खेळती ठेवून भागू शकतं. पाण्याचा मीटर असेल तर सगळे नळ बंद करून त्याच्याकडे बघत बसा, काटा हलत असेल तर कुठेतरी गळतंय. आणि मग उलटं करा, सगळे नळ एकदम सोडा, त्यातच फ्लश ओढा, धार किती बारीक होते आणि सिंकमध्ये साठवलेलं पाणी गुडगुड न करता जातं का ते बघा.

भेगांचं एवढं घाबरू नका, गिलाव्यावरच्या केसाएवढ्या भेगा जवळपास सगळीकडे असतात. दाराखिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर गेलेली, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी चढलेली किंवा 5 मिलिमीटरपेक्षा रुंद भेग असेल, आणि त्यात आजूबाजूची दारं पण नीट लागत नसतील, तर मात्र पाया खचत असेल अशी शंका घ्यायची आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे बोलायचं नाही. छताला किंवा बीमला सरळ रेषेत भेग आणि तांबूस डाग, हे पण तसंच. गंजलेलं लोखंड फुगतं, मूळच्या 2 ते 6 पट जागा घेतं आणि काँक्रीट आतून फोडतं, वरून सिमेंट फासून ते थांबत नाही.

वीज पटकन होते. चार्जर प्रत्येक सॉकेटमध्ये लावून बघा, मेन बोर्डाजवळ जळका वास येतो का, करंट गळतीला ट्रिप होणारा ब्रेकर आहे का, असेल तर मालकाला विचारून त्याचं टेस्टचं बटण दाबा. खट करून पडलाच पाहिजे.

तपासायला माणूस बोलवाल तो स्वतः शोधा, एजंटने सुचवलेला नको, कारण त्याच्या रिपोर्टमुळे सौदा मोडला तर एजंट त्याला पुढचं काम कशाला देईल. आणि तो तपासतो तेव्हा तुम्ही तिथे हजर राहा, नुसता रिपोर्ट वाचून घर कळत नाही. शेवटी एकच विचारा, तुम्हाला काय काय बघता आलं नाही? कुलूप लावलेली खोली, माळा, गच्ची, जे सुटलं ते कळतं. घर नवीन असेल तरी हे करा, नवीन घरात अर्धवट कामंच जास्त असतात.

एकदाच बघून हो म्हणू नका. एकदा दिवसा, एकदा रात्री आणि जमलं तर पाऊस पडून गेल्यावर लगेच.

कागदपत्रांना तुमचा स्वतःचा वकील लावा. मालकी कोणाची, घरावर कर्ज आहे का, वाढवलेल्या खोलीला किंवा बंद केलेल्या बाल्कनीला परवानगी होती का, थकबाकी कोणाच्या गळ्यात, हे सगळं त्याच्याकडून बघून घ्या. "ते आम्ही करून देऊ हो" असं मालक म्हणाला की हसून म्हणायचं, लिहून द्या. आणि हातातला सगळा पैसा घरात घालू नका, पहिल्या वर्षी काहीतरी निघतंच.

ताबा घ्यायच्या दिवशी घर रिकामं झाल्यावर परत एक चक्कर मारा, जुनं सामान हललं की मागच्या भिंती पहिल्यांदा दिसतात. तेव्हाच मालकाला पाण्याचा मेन व्हॉल्व्ह दाखवायला सांगा आणि समोर फिरवून घ्या. आमचा गंजून जाम झाला होता, ते कळलं रात्री दोन वाजता, किचनचा पाइप फुटला तेव्हा.