नागपुरात आट्यापाट्यांची व्यावसायिक लीग कशी उभारावी

एखाद्या खेळाची लीग काढायचे ठरले की चर्चा संघांची नावे, खेळाडूंचा लिलाव आणि उद्घाटनाला कोणाला बोलवायचे यांपासून सुरू होते. क्रिकेटला हा क्रम परवडतो, कारण त्याचा प्रेक्षक आधीपासून तयार असतो. आट्यापाट्यांसारख्या मोजक्या मंडळींच्या खेळाला तो परवडत नाही. स्पर्धा वर्गणीवर आणि बक्षिसाच्या रकमेवर पार पडते, परंतु लीगमध्ये संघ हरला तरी खेळाडूला ठरलेले मानधन ठरलेल्या तारखेला द्यावे लागते आणि पुढच्या वर्षी तोच संघ त्याच नावाने पुन्हा मैदानात उतरवावा लागतो. त्यामुळे पुढे सांगितलेली कामे आणि त्यांचा क्रम दुसरा हंगाम व्हावा एवढ्याच हेतूने बेतला आहे. उदाहरण नागपूरचे घेतले आहे, कारण विदर्भातील शाळांत आणि क्रीडा मंडळांत हा खेळ आजही खेळला जातो आणि त्याचे जाणकार येथे शोधावे लागत नाहीत.

सर्वांत आधी आट्यापाट्या फेडरेशन ऑफ इंडिया या राष्ट्रीय संघटनेची लेखी मान्यता मिळवावी. २००७ मध्ये सुरू झालेल्या इंडियन क्रिकेट लीगला बीसीसीआयची मान्यता नव्हती. तिच्यात खेळणाऱ्यांवर बंदी आली आणि २००८ मध्ये आयपीएल सुरू झाल्यावर ती फार काळ तग धरू शकली नाही. २०१२ मधील ‘वर्ल्ड सिरीज हॉकी’ ही लीग हॉकी इंडिया या राष्ट्रीय संघटनेच्या मान्यतेवाचून झाली आणि एका हंगामात आटोपली. आट्यापाट्यांच्या बाबतीत तर ही गोष्ट अधिकच नाजूक आहे. केंद्र सरकारच्या क्रीडा कोट्यातील भरतीसाठी जे खेळ ग्राह्य धरले गेले आहेत, त्यांत आट्यापाट्या आहे, आणि काटोल किंवा उमरेडकडचा चांगला खेळाडू लीगच्या मानधनापेक्षा त्या भरतीसाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राला जास्त जपतो. बंदीची नुसती कुणकुण लागली तरी तो येणार नाही, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

संघटनेशी होणारा करार किमान ५ वर्षांचा असावा. एका वर्षाच्या परवानगीवर कोणीही शहाणा माणूस संघ विकत घेणार नाही. त्या मुदतीत संघटना दुसऱ्या लीगला मान्यता देणार नाही, राष्ट्रीय स्पर्धांच्या तारखा लीगच्या तारखांवर येणार नाहीत, पंच कोण नेमील आणि त्यांचे मानधन कोण देईल, या बाबी त्यात स्पष्ट लिहाव्यात. करार अध्यक्षांच्या शब्दावर न थांबता कार्यकारिणीच्या ठरावासह करावा, म्हणजे निवडणुकीनंतर पदाधिकारी बदलले तरी तो टिकतो. राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा, २०२५ आल्यापासून राष्ट्रीय संघटनांची मान्यता आणि निवडणुका कायद्याच्या चौकटीत आल्या आहेत, म्हणून सही करण्यापूर्वी संघटनेची सद्यःस्थिती वकिलाकडून तपासून घ्यावी. संघटनेचा पदाधिकारी कोणत्याही संघाचा मालक नसावा, ही अट घालताना थोडी कुरकुर होईल, ती सोसावी.

लीगसाठी स्वतंत्र खासगी मर्यादित कंपनी स्थापावी. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या मंडळाच्या नावावर संघ विकण्याचा व्यवहार करू नये, कारण पुढे हिशेबावर प्रश्न उपस्थित झाले की मंडळाची जुनी कामेही अडकतात. खेळ आणि त्याचे नियम कोणाच्याही मालकीचे होत नाहीत; कंपनीच्या मालकीचे असते ते नाव, बोधचिन्ह आणि सामन्यांचे चित्रीकरण. म्हणून नाव जाहीर करण्यापूर्वीच व्यापारचिन्हाचा अर्ज करावा. क्रीडा आणि मनोरंजनासाठी वर्ग ४१ आणि कपड्यांसाठी वर्ग २५ लागतो. लहान उद्योग म्हणून नोंदणी असल्यास ऑनलाइन अर्जाचे शुल्क प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये, अन्यथा ९,००० रुपये पडते.

यानंतरचे काम सर्वांत अवघड आहे आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते: खेळ न पाहिलेल्या माणसाला तो दोन मिनिटांत कळला पाहिजे. आट्यापाट्यांत ९ आडव्या पाट्या, म्हणजे जमिनीवर आखलेले पट्टे, आणि त्यांना मधून छेदणारी लांब सूर पाटी असते. बचाव करणारे आपापली पाटी धरतात आणि चढाई करणारे हुलकावण्या देत एकेक पाटी ओलांडत जातात. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या जाणकाराला यातला थरार समजतो. पडद्यावर मात्र एकाच वेळी चार ठिकाणी चार झटापटी चालू असतात, कॅमेरा एकीकडे वळला की दुसरीकडे गुण झालेला असतो, आणि नवा प्रेक्षक गोंधळून पुढचे चॅनेल लावतो. कबड्डीत नजर एका चढाईपटूवर असते, म्हणून तिला छोट्या पडद्यावर येणे सोपे गेले.

यावर काही उपाय करता येतील. पाट्यांचे क्रमांक जमिनीवर मोठ्या अक्षरांत रंगवावेत, छतावरून संपूर्ण मैदान दाखवणारा एक स्थिर कॅमेरा ठेवावा आणि कोणती पाटी कोणी ओलांडली हे फलकावर त्याच क्षणी उमटेल अशी व्यवस्था करावी. खो-खोमध्ये संरक्षक तिघातिघांच्या तुकडीने उतरतात. त्याच धर्तीवर चढाई करणाऱ्यांना तुकडीने सोडण्याचा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे, कारण तीन जणांवर नजर ठेवणे शक्य असते. प्रो कबड्डीने ३० सेकंदांची चढाई आणि सलग दोन रिकाम्या चढायांनंतर ‘करो या मरो’ चढाई आणून वेळकाढूपणा मोडून काढला. अल्टिमेट खो-खोने ‘वजीर’ आणला, ज्याला पाठलाग करताना कोणत्याही दिशेने वळण्याची मुभा असते. दोन्हीकडे बदल नेमका त्या जागी झाला, जिथे खेळ रेंगाळत होता. आट्यापाट्यांत ही जागा म्हणजे पहिल्या पाटीसमोर होणारी ताटकळ. तिला सेकंदांची मर्यादा घालता येईल. पाटीवरची हुलकावणी हा या खेळाचा प्राण असल्यामुळे तिला मात्र हात लावू नये. प्रत्येक बदल आधी स्थानिक संघांच्या सराव सामन्यांत पडताळावा, ज्येष्ठ पंचांना तो पटवून द्यावा आणि फेडरेशनच्या सहीने छापावा. पंचांना न विचारता केलेला नियम पहिल्याच वादाच्या सामन्यात कोसळतो.

आता तारखा. नागपुरात एप्रिल-मे महिन्यांत उन्हाचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि पावसाळ्यात उघडे मैदान हाती लागत नाही. दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी लाखोंचा समुदाय येतो, तेव्हा पोलिस बंदोबस्त आणि निवासव्यवस्था यांपैकी काहीही मोकळे नसते. डिसेंबरमध्ये विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरले की तीच अडचण पुन्हा उभी राहते, शिवाय बातमीदारही खेळाच्या पानाकडे फिरकत नाहीत. जानेवारीत स्थानिक क्रीडा महोत्सवांमुळे मैदाने आणि खेळाडू दोन्ही गुंतलेले असतात, आणि फेब्रुवारीत बारावीच्या परीक्षा सुरू होतात. उरतो तो दिवाळीनंतर अधिवेशन सुरू होईपर्यंतचा काळ. तो दिवाळीच्या तारखेनुसार कमीजास्त होतो, त्यामुळे पंचांग पाहूनच करार करावा. कापूस वेचणीचे आणि धान कापणीचे हे दिवस असल्याने शेतकरी घरांतील खेळाडूंना तारखा काही महिने आधी कळायला हव्यात.

सहा संघ घेतले आणि प्रत्येक संघ दुसऱ्याशी दोनदा खेळला तर ३० सामने होतात. सात मिनिटांचे चार डाव धरले तर प्रत्यक्ष खेळ २८ मिनिटांचा आणि विश्रांतीसह सामना पाऊण तासाचा होतो. रोज संध्याकाळी तीन सामने घेतल्यास साखळी १० दिवसांत संपते आणि बाद फेरीसाठी आणखी तीन दिवस पुरतात. एवढ्या दिवसांसाठी मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलातील बंदिस्त सभागृह सोयीचे आहे, कारण हिवाळ्यात संध्याकाळनंतर उघड्यावर दव पडते आणि पाय घसरतो. सर्व सामने एकाच ठिकाणी ठेवल्याने प्रवासखर्च वाचतो. अल्टिमेट खो-खोनेही २०२२ चा पहिला हंगाम संपूर्णपणे पुण्याच्या बालेवाडीत घेतला होता. मातीची सवय असलेल्या खेळाडूंना मॅटवर किमान दोन आठवड्यांचा सराव द्यावा. महालातील चिटणीस पार्कसारख्या मैदानावर हंगामापूर्वी एखादा प्रदर्शनीय सामना ठेवला तर तिकीट काढणारा प्रेक्षक तिथून मिळण्याची शक्यता आहे.

खर्चाचा हिशेब खेळाडूंपासून मांडावा. प्रत्येक संघात १४ याप्रमाणे ८४ खेळाडू होतात. प्रत्येकी ४० हजार रुपये मानधन धरल्यास ३३ लाख ६० हजार रुपये. ही संपूर्ण रक्कम पहिल्या सामन्यापूर्वी वेगळ्या खात्यात जमा असावी आणि दोन सह्यांशिवाय तिला हात लागू नये. ती जमत नसेल तर चार संघ घ्यावेत किंवा वर्षभर थांबावे. लिलाव पहिल्या वर्षी टाळलेलाच बरा: ज्या खेळाडूंची नावे प्रेक्षकांना ठाऊक नाहीत त्यांच्या बोलीत रंग भरत नाही, आणि कमी बोलीचा आकडा गावभर फिरून तो खेळाडू मात्र दुखावतो. त्याऐवजी तीन ठरलेल्या श्रेणी करून संघांनी आळीपाळीने निवड करावी. १८ वर्षांखालील खेळाडूंशी करार करू नये, कारण अल्पवयीन व्यक्तीने केलेला करार कायद्याने टिकत नाही. प्रत्येक खेळाडूचा अपघात विमा उतरवावा; गुडघा आणि घोटा यांच्या दुखापती या खेळात हमखास होतात.

प्रायोजकांकडे जाताना मोठ्या आकड्यांच्या आशेवर राहू नये. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आल्यापासून फँटसी कंपन्यांकडून, म्हणजे काल्पनिक संघ निवडून पैसे लावायला देणाऱ्या अ‍ॅपवाल्यांकडून, येणारा पैसा आटला आहे. संघांचे मालक म्हणून स्थानिक बांधकाम व्यावसायिक, शिक्षणसंस्था, सराफ आणि पतसंस्था यांचा विचार करावा, आणि पहिली तीन वर्षे नफा मिळणार नाही हे त्यांना लेखी सांगावे. प्रक्षेपण पहिल्या वर्षी यूट्यूबवर स्वतः करावे. वाहिनीला वेळेचे पैसे मोजून सामने दाखवण्याचा मोह होतो. तोच पैसा चांगल्या मराठी समालोचकावर खर्च केल्यास अधिक फळतो.

पोलिस आयुक्तालय, महापालिकेचे अग्निशमन खाते, ध्वनिक्षेपक आणि संगीत यांचे परवाने महिनाभर आधी मागावेत. तिकिटांवरील जीएसटी आणि मानधनावरील टीडीएस यांसाठी सनदी लेखापाल पहिल्या दिवसापासून सोबत हवा.

अंतिम सामना झाल्यावर ३० दिवसांच्या आत उरलेली सर्व देणी फेडावीत, लेखापरीक्षित हिशेब प्रत्येक संघमालकाला पाठवावा आणि पुढच्या हंगामासाठी सभागृहाची अनामत रक्कम भरून मगच त्याच्या तारखा जाहीर कराव्यात.